सॅकमधून रस्सा: पायी भ्रमंतीच्या मुक्कामावर पोटभर करी कशी शिजवावी

पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चढउतार केल्यावर शरीराला घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ परत हवे असते, दुसऱ्या दिवशी चालण्यासाठी ऊर्जा हवी असते आणि सूर्य कलला की ऊबही हवी असते. दाटसर, चमचमीत रस्सा आणि सोबत भात एवढे जेवण या सगळ्या गरजा भागवते. तरीही मुक्कामावर बहुतेक जण पाकिटातल्या नूडल्सवर वेळ निभावून नेतात, कारण करी म्हणजे वाटण, परतणे आणि तासभर शिजवणे अशी सर्वांची समजूत असते. घरच्या ओट्यावर ती खरी आहे. मुक्कामावर मात्र रस्सा आचेने कमी आणि भिजवण्याने व झाकून मुरवण्याने जास्त शिजवायचा असतो. इंधन आपल्याला पाठीवर वाहून न्यावे लागते, वेळ मात्र चालताना आणि तंबू उभारताना आपोआप मिळत असतो. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की साहित्याची निवड, बांधाबांध आणि कृतीचा क्रम या गोष्टी तिच्यावरूनच ठरत जातात.

साहित्य निवडताना

पहिली कसोटी वजनाची. स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, तर पिष्ट पदार्थ आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे ४. त्यामुळे तूप, शेंगदाणे आणि नारळाच्या दुधाची पावडर हे साहित्य सॅकमध्ये फार थोडे वजन वाढवून जेवणाला भरपूर बळ देते. दुसरी कसोटी शिजण्याच्या वेळेची, आणि माझ्या मते हीच अधिक महत्त्वाची आहे. सालीशिवायची, दोन फाकी झालेली मसूर डाळ आधी भिजवलेली असेल तर दहा मिनिटांच्या आत मऊ होते. तूर किंवा हरभऱ्याची डाळ तेवढ्या इंधनात शिजत नाही. अख्खी कडधान्ये तर कच्च्या स्वरूपात नेऊच नयेत. राजम्याच्या बाबतीत हा प्रश्न इंधनापुरता राहत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते, ते निष्प्रभ होण्यासाठी राजमा भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान १० मिनिटे खळखळून उकळावा लागतो. अर्धवट शिजलेला राजमा खाल्ल्यास काही तासांत जोरदार उलट्या सुरू होऊ शकतात. राजमा आवडत असेल तर तो घरी पूर्ण शिजवून, वाळवून न्यावा.

दोन जणांच्या एका भरपेट जेवणासाठी मी पुढील प्रमाण सुचवीन. ते कोरड्या वजनाचे आहे आणि ज्या पुड्यांमध्ये ते बांधायचे त्याच क्रमाने दिले आहे.

- डाळीची पिशवी: मसूर डाळ १२० ग्रॅम.
- फोडणीची पुडी: जिरे १ चमचा, तमालपत्राचे १ पान, लाल तिखट १ चमचा, हळद अर्धा चमचा, धने-जिरे पूड २ चमचे.
- रश्श्याची पिशवी: वाळवलेल्या भाज्या ४० ग्रॅम, कुरकुरीत तळलेला कांदा २० ग्रॅम, लसूण पूड आणि सुंठ पूड प्रत्येकी अर्धा चमचा.
- शेवटची पिशवी: नारळाच्या दुधाची पावडर ५० ग्रॅम, टोमॅटो पावडर २० ग्रॅम, गरम मसाला अर्धा चमचा, मीठ ७ ग्रॅम.
- भाताची पिशवी: शिजवून वाळवलेला तांदूळ १५० ग्रॅम.
- वेगळे: घट्ट फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बाटलीत तूप ३० ग्रॅम आणि भाजलेले शेंगदाणे ४० ग्रॅम.

हे सर्व मिळून साधारण ४९० ग्रॅम भरते आणि त्यातून सुमारे २१०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे माणशी हजाराच्या थोड्या वर. ज्यांना दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य आहेत त्यांनी तुपाऐवजी तेल घ्यावेच, शिवाय नारळाच्या दुधाच्या पावडरीच्या वेष्टनावरील घटकांची यादीही वाचावी, कारण अशा अनेक पावडरींमध्ये दुधापासून काढलेले सोडियम केसिनेट मिसळलेले असते.

घरी उरकायची कामे

भाज्या वाळवणे हे सर्वांत वेळखाऊ, पण सर्वांत फायद्याचे काम आहे, कारण भाजीच्या वजनाचा फार मोठा भाग पाण्याचाच असतो. गाजर, फरसबी, मटार आणि फ्लॉवर यांचे एक सेंटिमीटरहून लहान तुकडे करून ते दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढावेत आणि निथळून डिहायड्रेटरमध्ये ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर कडक होईपर्यंत वाळवावेत. जाडी आणि हवेतील दमटपणा यांनुसार याला ८ ते १२ तास लागतात. बटाटा उकळत्या पाण्यातून काढण्याची पायरी गाळू नये, नाहीतर तो वाळताना काळा पडतो. तुकडा बोटांनी वाकवला असता मऊ लागला तर आत ओलावा आहे असे समजावे. अशी भाजी पिशवीत बुरशी धरते. वाळवायच्या कोणत्याही पदार्थात तेल घालू नये. तेल वाळत नाही आणि काही दिवसांत पदार्थाला खवट वास आणते, म्हणून स्निग्धांश नेहमी वेगळ्या बाटलीत न्यावा.

तांदूळ किंचित फडफडीत शिजवून लगेच परातीत पातळ पसरावा आणि निवल्याबरोबर वाळवायला लावावा. शिजलेला भात खोलीच्या तापमानाला तासन्‌तास ठेवल्यास त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याने तयार केलेले एक विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. वाळवण्याचा खटाटोप नको असेल तर भाताऐवजी कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे) घ्यावा. त्याला केवळ उकळते पाणी आणि झाकण पुरते. ज्यांना मांस हवे त्यांनी कमी चरबीचा खिमा घरी पूर्ण शिजवून, चरबी निपटून, मगच वाळवावा. मोठे तुकडे मुक्कामावर पुन्हा मऊ होत नाहीत.

धने-जिरे घरीच मंद आचेवर भाजून दळावेत. भाजताना सुटणारा खमंगपणा पातळ बुडाच्या छोट्या भांड्यात, वाऱ्यावर हेलकावणाऱ्या ज्योतीवर कधीच नीट येत नाही. लसूण पूड मी मुद्दाम फोडणीच्या पुडीत ठेवलेली नाही, कारण ती गरम तुपात काही क्षणांत करपते आणि सगळ्या रश्श्याला कडवटपणा आणते. टोमॅटो पावडर शेवटच्या पिशवीत आहे, तीही सकारण. आंबटपणामुळे डाळीच्या आणि भाजीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही, त्यामुळे टोमॅटो आधी घातल्यास डाळ बोटचेपी व्हायला बराच जास्त वेळ लागतो.

प्रत्येक पिशवीतली हवा दाबून काढावी, एका जेवणाच्या सर्व पुड्या एका मोठ्या पिशवीत घालाव्यात आणि आत पाण्याची मापे लिहिलेली चिठ्ठी टाकावी. थकलेल्या माणसाला अंधारात मापे आठवत नाहीत. निघण्यापूर्वी एकदा तरी हेच जेवण त्याच भांड्यात, त्याच स्टोव्हवर, घराबाहेर मोकळ्या जागेत करून पाहावे आणि गॅसचा डबा आधी व नंतर तोलावा. वाऱ्याचा त्रास नसेल तर या कृतीला साधारण २० ते २५ ग्रॅम गॅस पुरावा, पण स्टोव्हगणिक फरक पडतो. स्वतः तोलून काढलेल्या आकड्यावरच साऱ्या प्रवासाचे इंधन ठरवावे.

भांडे, स्टोव्ह आणि जागा

दोघांसाठी पावणेदोन ते दोन लिटरचे भांडे हवे. त्याहून लहान भांड्यात मसुराचा फेस हमखास उतू जातो. टायटॅनियमची भांडी हलकी असल्यामुळे लोकप्रिय आहेत, पण या धातूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या सुमारे एक दशांश आहे. ज्योत जिथे लागते तिथेच बूड तापते, तिथेच मसाला करपतो, आणि वितभर अंतरावर डाळ कच्ची राहते. नुसते पाणी उकळणाऱ्याला याने फरक पडत नाही. करी करणाऱ्याने मात्र शंभरएक ग्रॅम जास्त वजन सोसून हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे भांडे न्यावे, असे माझे ठाम मत आहे. स्टोव्हही आच मंद करता येईल असाच हवा. साध्या स्पिरिटच्या दिव्यावर ज्योत कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे त्यावर फोडणी साधणे अवघड जाते.

तंबूच्या आत किंवा बंद ओसरीत स्टोव्ह कधीही पेटवू नये. आगीचा धोका दिसतो तरी, स्टोव्हमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू मात्र रंग आणि वास नसल्यामुळे कळतही नाही आणि जीव घेतो. वाऱ्याला आडोसा करावा, पण स्टोव्ह थेट गॅसच्या डब्यावर बसणारा असेल तर डब्याभोवती पत्र्याचा पूर्ण वेढा घालू नये, कारण आत कोंडलेल्या उष्णतेने डबा फुटू शकतो. मोठा दगड किंवा सॅक थोड्या अंतरावर, वाऱ्याच्या बाजूला ठेवली तरी पुष्कळ काम होते. जागा सपाट आणि कोरडी निवडावी, वाळलेले गवत बाजूला सारावे आणि भांडे डगमगत नाही याची खात्री झाल्याशिवाय त्यात काही ओतू नये. उकळत्या रश्श्याने भाजणे हा दवाखान्यापासून लांब असताना फार महागात पडणारा अपघात आहे.

मुक्कामावरचा क्रम

स्वयंपाकाची सुरुवात मुक्कामाच्या एक-दोन तास आधी, वाटेतच होते. पाण्याच्या शेवटच्या थांब्यावर डाळ रुंद तोंडाच्या, न गळणाऱ्या बाटलीत घालून त्यात ३०० मिलिलिटर शुद्ध पाणी ओतावे, बाटली हलवावी आणि सॅकमध्ये उभी ठेवावी. उकाड्यात ती चार तासांहून अधिक भिजत ठेवू नये, आंबते. मुक्कामावर पोचल्याबरोबर, तंबूच्या दोऱ्या सोडण्याआधी, रश्श्याच्या पिशवीतील सर्व जिन्नस एका डब्यात काढून २०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात भिजत घालावेत. तंबू उभा राहीपर्यंत भाज्या निम्म्याहून अधिक फुगलेल्या असतात आणि तेवढा गॅस वाचलेला असतो.

आता भाताच्या पिशवीतील तांदूळ दुसऱ्या डब्यात काढावा, भांड्यात अडीचशे मिलिलिटर पाणी उकळून त्यावर ओतावे, झाकण घट्ट लावून डबा जाड कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवावा. पाणी ओढ्याचे किंवा झऱ्याचे असेल आणि आधी शुद्ध केलेले नसेल, तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरहून उंचावर तीन मिनिटे, ती तशीच चालू ठेवावी. भात आधी करण्याचे कारण असे की रस्सा होईपर्यंत तो स्वतःच्या वाफेत आयता मुरतो.

भांडे पुसून पूर्ण कोरडे करावे. सगळ्या कृतीत खरे लक्ष मागणारी मिनिटे इथून पुढची आहेत. सुरू करण्यापूर्वी फोडणीची पुडी उघडलेली, डाळीची बाटली झाकण काढून हाताशी आणि पकड भांड्याला लावलेली असावी. आच अगदी मंद ठेवून तूप वितळू द्यावे आणि एक जिरे टाकून पाहावे. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे उठले की पुडीतले सगळे जिरे आणि तमालपत्र घालावे. पुडीतील जिरे वरच्या वर वेगळे काढता यावेत म्हणून पूड आतल्या छोट्या कागदात गुंडाळून बांधणे सोयीचे पडते. जिरे तडतडून गडद होऊ लागले की भांडे स्टोव्हवरून उचलावे, आणि उचललेल्या स्थितीतच हळद, तिखट व धने-जिरे पूड घालून ढवळावे. बुडातली उष्णता एवढ्या कामाला पुरेशी असते. मसाल्याचे बहुतेक सुगंधी घटक पाण्यापेक्षा तेलातुपात अधिक विरघळतात, त्यामुळे हे काही क्षण गाळले तर रस्सा कितीही उकळला तरी मसाला कच्चाच लागतो. तुपाला लालसर-केशरी रंग आला आणि कच्च्या हळदीचा वास जाऊन खमंग वास सुटला की वेळ न दवडता भिजलेली डाळ तिच्या पाण्यासकट ओतावी. चर्र आवाज होऊन वाफ उठेल, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. तिखट काळपट झाले आणि ठसका लागला तर फोडणी जळली. ती टाकून, भांडे पुसून, बाटलीत तूप उरले असेल तर ते घालून मसाल्याशिवायच पुढे जावे. जळालेल्या मसाल्याचा कडूपणा नंतर कशानेही झाकता येत नाही.

डाळीवर भिजलेल्या भाज्या पाण्यासह आणि आणखी २५० मिलिलिटर पाणी घालावे, आच वाढवून उकळी आणावी आणि लगेच मंद करावी. झाकण तिरके ठेवावे. फोडणीतले तूप फेस बराच आवरते, तरी पहिली तीन-चार मिनिटे नजर हटवू नये. दर मिनिटाला चमचा बुडाशी खरवडून फिरवावा, आणि स्टोव्हची ज्योत एकाच ठिकाणी लागत असेल तर भांडे थोडे थोडे फिरवत राहावे. सात-आठ मिनिटांनी डाळीचा दाणा चमच्याच्या पाठीने दाबून पाहावा. तो चिरडला जातो पण मधोमध किंचित कण लागतो, अशा अवस्थेला पोचला की शेवटच्या पिशवीकडे वळावे.

नारळाच्या दुधाची पावडर थेट उकळत्या रश्श्यात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या फुटता फुटत नाहीत. पिशवीतले मिश्रण कपात घेऊन त्यात आधी दोन चमचे कोमट पाणी घालावे, चमच्याने घोटून गुळगुळीत पेस्ट करावी, मग आणखी १५० मिलिलिटर पाण्याने ती सैल करावी आणि बारीक धारेने रश्श्यात ओतत ढवळावे. एकच हलकी उकळी येऊ द्यावी. नारळाचे दूध जोरात उकळत ठेवल्यास तेल सुटून रस्सा फुटल्यासारखा दिसतो. उकळी फुटू लागताच गॅस बंद करावा, झाकण घट्ट लावावे आणि भांडे जाड फोमच्या किंवा चंदेरी बबल शीटच्या आवरणात दहा ते पंधरा मिनिटे ठेवावे. आवरण नसेल तर लोकरी टोपी आणि जाकीट चालते, मात्र भांड्याचे बूड चटका बसणार नाही इतपत निवलेले असावे. डाळीच्या मधला कण, भाजीतला चिवटपणा आणि मसाल्याचा वेगळेपणा या मिनिटांतच जातो. भूक लागलेली असताना थांबणे कठीण असते, पण नऊ-दहा मिनिटे गॅस जाळून जे साधेल ते इथे फुकट साधते.

झाकण उघडल्यावर दाटपणा पाहावा. रस्सा फार घट्ट वाटला तर थोडे गरम पाणी, फार पातळ वाटला तर मूठभर शेंगदाणे चेचून घालावेत. उरलेले शेंगदाणे वाढताना वरून घालावेत म्हणजे मऊ जेवणात दाताखाली काही येते. मीठ शेवटी चाखून वाढवावे, खूप घाम गेलेल्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्त मीठ बरे वाटते.

एकट्यासाठी करताना सर्व कोरडे साहित्य निम्मे घ्यावे, पण रश्श्याचे पाणी निम्म्यापेक्षा पन्नासेक मिलिलिटर जास्त ठेवावे, कारण भांडे तेच राहिल्यास वाफेवाटे जाणारे पाणी निम्मे होत नाही.

उंची आणि थंडी

दर ३०० मीटर चढाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपास आणि ४५०० मीटरवर ८५ अंशांच्या आसपास उकळते. भांडे खळखळत असले तरी डाळ शिजतेच आहे असे तिथे समजू नये. आच वाढवून उपयोग होत नाही, पाणी तेवढे लवकर आटते. २५०० मीटरच्या पुढे मुक्काम असेल तर मसूर घरीच पूर्ण शिजवून, पातळ थर पसरून वाळवून न्यावी. ती उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे मुरवली की पुन्हा डाळ होते, आणि वरच्या क्रमातली वाटेत भिजवण्याची पायरीही गळते.

थंडीत अडचण गॅसची असते. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायुरूप घेत नाही, आयसोब्युटेन सुमारे उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत घेतो. म्हणून थंड प्रदेशासाठी आयसोब्युटेन आणि प्रोपेनचे मिश्रण असलेला डबा घ्यावा, रात्री तो झोपण्याच्या पिशवीत आणि स्वयंपाकापूर्वी काही वेळ जाकिटाच्या आत ठेवावा. ज्योत मंदावल्यास डबा कोमट पाण्याच्या थाळीत उभा करावा, गरम पाण्यात किंवा आगीजवळ कधीही नाही. विमानाने जायचे असेल तर गॅसचे डबे सामानात नेता येत नाहीत, ते मुक्कामाच्या प्रदेशातच मिळवण्याची व्यवस्था आधी करावी.

जेवणानंतर

शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक कोमट अवस्थेत पडू देऊ नये आणि भात तर सकाळसाठी मुळीच राखू नये. पोटाला पुरेल तेवढेच शिजवणे हा सुरक्षित मार्ग आहे. रिकाम्या भांड्यात कपभर गरम पाणी घालून, चमच्याने कडा खरवडून ते पाणी पिऊन टाकले तर भांडे जवळजवळ स्वच्छ होते आणि मीठही पोटात जाते. उरलेले धुण्याचे पाणी ओढा, तळे किंवा झऱ्यापासून निदान ६० मीटर लांब नेऊन, गाळून, विखरून टाकावे. गाळात राहिलेले कण आणि तेलकट पिशव्या कचऱ्याच्या पिशवीत बांधून परत न्याव्यात. मसाल्याचा वास दूरवर जातो. ज्या भागात अस्वले किंवा इतर मोठे प्राणी वावरतात, तिथे स्वयंपाकाची जागा झोपण्याच्या जागेपासून शंभरएक मीटर दूर, तंबूकडून वारा ज्या दिशेला वाहत जातो त्या बाजूला ठेवावी आणि भांडी, उरलेल्या पुड्या व कचरा यांतले काहीही तंबूत घेऊन झोपू नये.